काहूनचा किल्ला : तटावरच्या आपल्या माणसांचे रोजचे जिणे

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनी चार शब्द बोलावे अशी समितीने आज्ञा केली. विषय मात्र आमच्यावरच सोडला. आम्ही विचार केला, धम्मावर बोलायला भन्तेजी आहेत, बाबासाहेबांच्या जीवनावर आपण दरवर्षी ऐकतो. तर आज जरा दूरच्या एका जागेची गोष्ट सांगावी. जागा दूरची आहे, पण गोष्ट घरची आहे.

त्या जागेचे नाव आहे काहून.

हसू नका! आपल्या झाडीपट्टीत ‘काहून’ म्हणजे ‘का?’. ‘काहून रे, शाळेत काहून नाही गेला?’ असे आपण पोरांना विचारतो. पण काहून नावाचा खरोखरच एक किल्ला आहे. आज पाकिस्तानात असलेल्या बलुचिस्तानात, मर्री नावाच्या बलुची टोळीच्या डोंगरात तो आहे. १८४० साली मुंबई फौजेचे शिपाई त्या किल्ल्यात जवळजवळ पाच महिने अडकून पडले होते. त्या फौजेच्या पायदळात त्याकाळी आपल्या समाजाची माणसे मोठ्या संख्येने होती. सरकारी कागदात त्यांना ‘परवारी’ म्हणत. म्हणजे महार. तेव्हा त्या किल्ल्याचे नावच आपल्याला प्रश्न विचारते. कोकण-देशावरचा माणूस तिथे काहून गेला? तिथे तो कसा जगला? आणि त्याचे नाव आपल्याला काहून ठाऊक नाही? या तीन ‘काहून’ची उत्तरे देण्याचा आम्ही या ठिकाणी प्रयत्न करणार आहोत.

पहिला प्रश्न, काहून गेला? याचे उत्तर दोन शब्दांत देता येते. पोट आणि मान. गावात महाराला काय होते? वेसकरकी, मेलेली ढोरे ओढणे, सरकारी कामाला बिनमोलाने धावणे, आणि दारोदार भाकर मागणे. कंपनी सरकारच्या पलटणीत नाव लागले की महिन्याला सात रुपये पगार. अंगात लाल कोट, गळ्याला ताठ कातडी पट्टा, खांद्यावर ठासणीची बंदूक. बंगालच्या फौजेत तेव्हा वरच्या जातींची भरती होई, पण मुंबई फौजेत महार, मराठे, मुसलमान आणि उत्तरेकडून आलेले परदेशी लोक एकाच पलटणीत, एकाच रांगेत उभे राहत. हजेरीत नाव पुकारले की ‘हाजर’ म्हणायचे. बस्स. गावात ज्याची सावली चालत नव्हती त्याचा खांदा इथे दुसऱ्याच्या खांद्याला लागत होता. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला जी लढाई झाली ती या मुंबई फौजेच्याच पलटणीने केली, हे आपणा सर्वांना माहीत आहे.

आता १८४० कडे येऊ. इंग्रजांनी १८३९ साली अफगाणिस्तानवर स्वारी केली. फौजा सिंधमधून, बोलन खिंडीतून कंदाहारकडे गेल्या. मागून धान्य, दारूगोळा, पैसा याचे उंटांचे तांडे जात. आजूबाजूच्या डोंगरातले बलुची लोक ते तांडे लुटत. आपल्या मुलखात परका शिरला तर कोण गप्प बसेल? म्हणून मर्री लोकांच्या डोंगरात, त्यांच्याच काहून गावी ठाणे बसवावे असा हुकूम सुटला. पाचव्या मुंबई पलटणीचा कॅप्टन लुईस ब्राऊन हा सुमारे तीनशे शिपाई, तोफखाना, थोडे घोडेस्वार आणि सहाशे उंटांवर चार महिन्यांचे धान्य घेऊन २ मे १८४० रोजी पुलाजी या गावाहून निघाला. या पलटणीला ‘काळी पांचवी’ म्हणत. वैशाखाचा महिना होता. आपल्याकडे मे महिन्यात दरेकसाच्या घाटात दुपारी पाखरू दिसत नाही; तिथे तर झाडही नाही. दगडाचे डोंगर, कोरड्या नद्या, आणि तोफ माणसांनी दोरांनी ओढायची. ११ मे ला हे लोक काहूनला पोहोचले. बघतात तर गाव ओस. माणूस नाही, कोंबडी नाही.

गाव म्हणजे तटबंदीचे गाव. सुमारे नऊशे यार्डांचा घेर, मातीची उंच भिंत, कोपऱ्याकोपऱ्यावर बुरूज आणि एक दरवाजा. पाच दिवसांनी, १६ मे ला, लेफ्टनंट क्लार्क हा रिकामे उंट आणि शिपायांची एक तुकडी घेऊन पुढच्या चार महिन्यांचे धान्य आणायला परत निघाला. वाटेत खिंडीत मर्री लोकांनी त्यांना गाठले. क्लार्क आणि बरोबरचे बहुतेक शिपाई मारले गेले. उंट गेले. गडात उरले एकशे चाळीस बंदुकवाले शिपाई, एक तोफ, आणि त्यांच्यासोबतचे भिस्ती, डोलीवाले, उंटवाले असे बिनहत्यारी लोक.

इथून त्या रोजच्या जिण्याची गोष्ट सुरू होते. लढाई म्हटली की आपल्या डोळ्यासमोर तलवारी येतात. पण सरहद्दीच्या किल्ल्यातल्या शिपायाचे शंभर दिवसांतले पंचाण्णव दिवस लढाईत जात नाहीत. ते जातात भिंत लिंपण्यात, पाणी भरण्यात, आणि वाट पाहण्यात.

जरा हिशेब करून बघा. नऊशे यार्डांचा तट आणि एकशे चाळीस माणसे. सगळेच्या सगळे भिंतीवर उभे केले तरी एका माणसाच्या वाट्याला सहा-सात यार्ड भिंत येते. मग झोपायचे कोणी? म्हणून शिपाई रात्री आपापल्या जागेवर, तटावरच झोपत. बंदूक हाताशी, पट्टा कमरेला. रात्री पहाऱ्यावरचा माणूस हाळी देणार, पुढचा तिला उत्तर देणार. उत्तर आले नाही की समजायचे, काहीतरी घडले. दिवसा भिंतीची पडझड दुरुस्त करायची, दरवाजा मजबूत करायचा, तटाबाहेरची आडोशाची जागा मोकळी करायची. जनावरांना चारा पाहिजे, म्हणून बाहेर जावे लागे. जाताना काही माणसे गवत कापणार आणि काही माणसे त्यांच्यावर पहारा करणार. गवताच्या एका भाऱ्यासाठी जीव धोक्यात घालायचा. आपल्या बाया सरपणाला रानात जातात, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

खाणे काय? पीठ, मीठ आणि जे काही पोत्यात उरले असेल ते. हिरवी भाजी नाही, दूध नाही. अशा खाण्याने आणि वाईट पाण्याने माणसांच्या अंगावर, पायांवर जखमा फुटू लागल्या. त्या भरूनच येईनात. ताप तर घरोघरी, म्हणजे बुरुजोबुरुजी! कमरेचा पट्टा बांधता येत नाही अशी स्थिती झालेले शिपाईसुद्धा पहाऱ्याला उभे राहिले. बरोबर एक डॉक्टर होता, ग्लास नावाचा. त्याच्यापाशी होते तेवढ्या औषधावर त्याने निभावले. एकदा शत्रूच्या शेळ्यामेंढ्यांचा मोठा कळप चरत चरत तटाच्या जवळ आला. गडातल्या लोकांनी बाहेर पडून सगळा कळप आत ओढून आणला. त्या दिवशी गडात सण झाला म्हणा ना! पाच महिन्यांत आनंदाचे असे दिवस हाताच्या बोटावर मोजण्याइतके.

पत्र? अधूनमधून एखादा कासद रात्री डोंगरातून लपतछपत चिठ्ठी आणी. ती इंग्रज अधिकाऱ्यासाठी. शिपायाच्या घरचे पत्र कोण आणणार? आणि आले तरी वाचणार कोण? त्याची बायको, लेकरे, म्हातारा बाप हे सिंधू नदीच्या पलीकडे, शेकडो कोसांवर. तो जिवंत आहे की मेला, हे त्यांना ठाऊक नाही. आणि ते कसे आहेत, हे त्याला ठाऊक नाही.

३१ ऑगस्ट १८४० चा दिवस आला. मेजर क्लिबॉर्न धान्याचे हजारावर उंट घेऊन सोडवणुकीला येत होता. त्याच्यासोबत मुंबई फौजेच्या पहिल्या आणि दुसऱ्या ग्रेनेडियर पलटणीचे शिपाई होते. यातली दुसरी ग्रेनेडियर म्हणजे कोरेगावला लढलेली तीच पलटण, बरं का. काहूनच्या तटावरून समोरची नफुस्क खिंड दिसते. गडातल्या लोकांनी आपली माणसे येताना पाहिली. लढाई सुरू झालेली पाहिली. जवळजवळ चार महिन्यांची उपासमार आता संपणार असे त्यांना वाटले असेल. पण खिंडीच्या चढावर वरून दगड आणि माणसे दोन्ही कोसळली. त्यात उन्हाचा कहर आणि प्यायला पाणी नाही. त्या दिवशी सुमारे एकशे ऐंशी माणसे मेली. उरलेली फौज पाण्यावाचून तडफडत मागे फिरली, तोफा आणि सगळे धान्य तिथेच टाकून. तोफांचा आवाज थांबला. तटावरचे लोक वाट पाहत राहिले. कोणी आले नाही. काय झाले ते त्यांना काही दिवसांनी समजले.

यापुढचा महिना आमच्या मते या गोष्टीतला सर्वांत मोठा. धान्य संपत आलेले, अर्धी माणसे आजारी, सोडवायला येणारे कोणी नाही. तरी एकशे चाळीस माणसांनी तट सोडला नाही. शेवटी मर्री लोकांचा म्हातारा सरदार दोदा याने निरोप पाठविला. तुम्ही आमचा किल्ला सोडा, आम्ही तुम्हाला वाटेत हात लावणार नाही. ब्राऊनने ते मान्य केले. २८ सप्टेंबरला पहाटेच्या अंधारात ते निघाले. ११ मे पासून मोजाल तर बरोबर एकशे चाळीस दिवस. एकशे चाळीस माणसे, एकशे चाळीस दिवस! आजाऱ्यांना उंटांवर बांधले. तोफ मात्र सोडली नाही. ज्यांना स्वतःचे पाय उचलत नव्हते त्यांनी ती नफुस्कच्या चढावर ओढली. वाटेत खिंडीत आपल्याच भाऊबंदांची प्रेते महिनाभर उघड्यावर पडलेली त्यांना दिसली. १ ऑक्टोबरला ते पुलाजीला पोहोचले. आणि मर्री सरदाराने आपला शब्द पाळला. वाटेत कोणी त्यांच्यावर हल्ला केला नाही.

बंधू-भगिनींनो, या शेवटच्या गोष्टीवर आम्ही क्षणभर थांबू इच्छितो. आपण शौर्याच्या गोष्टी सांगतो, सांगितल्याच पाहिजेत. पण आपण बुद्धाची लेकरे आहोत. तो किल्ला मर्री लोकांचा होता. त्यांच्या गावात शिरलो होतो आपण, साहेबाच्या हुकुमाने. जो माणूस आपल्या गावात पाटलाच्या हुकुमाने राबला, तोच तिथे साहेबाच्या हुकुमाने दुसऱ्याच्या घरात शिरला. मर्री काही त्याचा वैरी नव्हता. आणि सरतेशेवटी एकशे चाळीस जीव वाचले ते बंदुकीने नाही, शब्दाने वाचले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण काय दिले आहे? शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून युद्ध पेटायला आले, आणि सिद्धार्थाने त्या युद्धाला विरोध केला. वैराने प्रश्न सुटत नाही, हे सांगायला त्याने घर सोडले. तेव्हा काहूनच्या शिपायाच्या धीराला आपण वंदन करावे, पण त्या लढाईला नव्हे. धीर त्याचा होता. लढाई दुसऱ्याची होती.

आता पाण्याचा विषय निघालाच आहे तर पुढचा मुद्दा. वेढ्यातल्या गडात पाणी एकच. तिथे हा कोणाचा हात आणि तो कोणाचा घडा, असा सोवळेपणा एकशे चाळीस माणसांना परवडणार नव्हता. चुली आपापल्या असतील, फौजेतही लोक आपापल्या माणसांत रांधून खात. फौज म्हणजे काही समतेचे राज्य नव्हते. कितीही नोकरी केली तरी आपला माणूस फार तर सुभेदार-मेजर होई, आणि काल आलेला मिसरूड न फुटलेला इंग्रज पोरगा त्याच्यावर हुकूम चालवी. पण एक गोष्ट त्या भिंतीवर सिद्ध झाली. महाराच्या शेजारी उभे राहून मराठा बाटला नाही, परदेशी बाटला नाही, मुसलमान बाटला नाही. सगळ्यांना ताप सारखाच आला. आणि हाच माणूस रजेवर गावी आला की गावच्या विहिरीवर त्याला मनाई! काहून? याचे उत्तर कोणापाशी नव्हते. ८७ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी पिऊन ते उत्तर दिले. त्या कोकणपट्टीत पेन्शनर महार सैनिकांची मोठी वस्ती होती, हा योगायोग नाही. ज्याने एकदा रांगेत मान ताठ करून उभे राहण्याची सवय केली त्याला पुन्हा वाकायला जड जाते.

आता तिसरा प्रश्न. त्या एकशे चाळीस माणसांची नावे आपल्याला काहून ठाऊक नाहीत?

आम्ही आतापर्यंत जे सांगितले ते आपल्याला कशावरून कळते? कॅप्टन ब्राऊन रोजनिशी लिहीत होता. आज काय झाले, किती आजारी, किती धान्य उरले, शत्रू कुठे दिसला. ती रोजनिशी राहिली. तिच्यात ब्राऊन आहे, डॉक्टर ग्लास आहे, तोफखान्याचा अर्स्किन आहे, क्लार्क आहे. शिपाई मात्र बहुतेक नुसते आकडे आहेत. इतके आजारी, इतके मेले. ब्राऊन वाईट माणूस होता असे आमचे म्हणणे नाही. त्याने आपल्या शिपायांचे कौतुकच केले आहे. पलटणीला १८४१ मध्ये ‘लाइट इन्फंट्री’ हा मान मिळाला. पण तटावर रात्रभर जागणाऱ्या माणसाला त्या रात्री काय वाटले, घरची कोणाची आठवण आली, हे त्याच्या शब्दांत कुठेच नाही. कारण त्याला लिहिता येत नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या त्याला लिहू दिले नव्हते. ज्याच्या हातात बंदूक होती त्याने किल्ला राखला. ज्याच्या हातात लेखणी होती त्याचा इतिहास राहिला.

याच्या उलट उदाहरण कोरेगावचे. तिथल्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली आहेत, आणि त्यातली बावीस नावे ‘नाक’ या अक्षरांनी संपतात. ‘नाक’ म्हणजे आपली माणसे. नावे लिहिलेली होती म्हणून १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले आणि आजही लाखो लोक तिथे जातात. दगडावर चार अक्षरे होती म्हणून एवढे झाले.

आणखी एक उदाहरण सांगतो. काहूननंतर चाळीस वर्षांनी, दुसऱ्या अफगाण युद्धात, कंदाहारच्या वाटेवर दब्राई नावाचे एक लहानसे ठाणे होते. वाटेवरचे सामान सांभाळायचे, तारेवर-टपालावर लक्ष ठेवायचे, एवढेच तिथले काम. १६ एप्रिल १८८० रोजी त्या ठाण्यावर मोठा हल्ला झाला. हल्ला होणार ही खबर आधी आली होती. निघून जाता आले असते. पण कोणी निघाले नाही. १९ व्या मुंबई पलटणीचा मेजर वॉडबी तिथे पडला. त्याच्यासोबत त्याच पलटणीचे दोन शिपाई पडले. एक इलाही बक्ष, दुसरा सोननाक ताननाक. एक इंग्रज, एक मुसलमान, एक महार. मरणाने जात विचारली नाही. पण त्यानंतर काय झाले? मुंबईच्या फोर्ट भागात मेजरसाहेबाच्या नावाने वॉडबी रोड झाला. आज त्या रस्त्याला हजारीमल सोमाणी मार्ग म्हणतात. सोननाकच्या नावाने गल्लीसुद्धा नाही. तरी सोननाकचे नाव निदान नोंदीत राहिले. म्हणून आज, इतक्या वर्षांनी, आपल्या विहारात आपण ते उच्चारतो आहोत.

आणि एवढ्या सेवेचे फळ काय मिळाले? १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ‘लढवय्या जाती’ नावाची एक नवीन थिअरी निघाली, आणि ज्यांनी कोरेगाव लढवले, सरहद्दीचे तट राखले, ते एका रात्रीत लढवय्ये राहिले नाहीत. साहेबाला गरज होती तेव्हा जात दिसली नाही. गरज संपली तेव्हा जात दिसली. दुसऱ्याने दिलेला मान दुसरा काढूनही घेतो, हा या गोष्टीचा धडा आहे.

तरी एक गोष्ट साहेबाला काढून घेता आली नाही, ती म्हणजे शिक्षण. लष्करात शाळा होत्या. पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर लष्करातूनच शिकून आले. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ हे पुस्तक लिहिले आणि भरतीबंदीविरुद्ध अर्जही तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली त्याच मागणीचा अर्ज थेट विलायतेपर्यंत पाठविला. बघा, काहूनच्या शिपायाला लिहिता येत नव्हते, पण पुढच्या पिढ्या अर्ज लिहू लागल्या. आणि सुभेदार रामजी सकपाळ? ते लष्करी शाळेत मुख्य शिक्षक होते. पहाटे उठणे, वेळेवर अभ्यास, वाचन, हिशेब ही शिस्त त्यांनी घरात आणली. महूच्या लष्करी छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांच्या घरी भीमराव जन्मले. म्हणजे भरतीचा दरवाजा बंद होत होता त्याच सुमारास एक फार मोठा दरवाजा उघडत होता, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ ला मोडली. पुन्हा तोच खेळ. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेब १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्यांनी प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी उभी राहिली कामठीला. कामठी म्हणजे आपल्याच गाडीमार्गावरचे. दरेकसाच्या स्टेशनावर बसायचे आणि गोंदिया, तुमसर, भंडारा रोड करत कामठीला उतरायचे. ऑक्टोबर १९४६ मध्ये ही मशीनगन रेजिमेंट झाली आणि तिचे केंद्रही कामठीलाच आले. पुढे ते सागरला गेले.

या रेजिमेंटच्या पहिल्या आणि तिसऱ्या बटालियनने युद्धकाळात कुठे नोकरी केली? वायव्य सरहद्द प्रांतात! म्हणजे शंभर वर्षांनी पुन्हा तशाच दगडी डोंगरांत. सरहद्दीवरचे जिणे फारसे बदललेले नव्हते. सकाळी रस्ता उघडायचा, म्हणजे फौजेची गाडी जाण्याआधी दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर चढून पिकेट बसवायचे. दगड रचून आडोसा करायचा आणि दिवसभर उन्हात डोळे ताणून बसायचे. अंधार पडण्याआधी उतरायचे. उतरतानाच गोळी लागण्याचा धोका जास्त. रात्री रायफल साखळीने बांधून ठेवायची, कारण तिथे रायफलचोर असे पटाईत की झोपलेल्याच्या उशाशी येऊन ती उचलत. पण एक फरक होता. या वेळच्या शिपायांच्या रेजिमेंटला त्यांच्या समाजाचे नाव होते. टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. आणि त्यांच्यातल्या पुष्कळांना घरी पत्र लिहिता येत होते. काहून आणि या शिपायात अंतर पडले ते बंदुकीने नाही, पत्राने पडले.

आता आमच्या भाषणाचा शेवट आपल्या गावाकडे येऊन करतो. आपलाही मुलूख सरहद्दीचाच आहे. बोगदा ओलांडला की छत्तीसगड. डोंगर, जंगल, आणि पोलिसांचे सशस्त्र ठाणे आपण रोज पाहतो. त्या ठाण्यातली पोरेही कोणाची तरी लेकरे आहेत. त्यांचेही दिवस पहाऱ्यात आणि घरच्या आठवणीत जातात. आणि जंगलात राहणारी माणसेही आपलीच आहेत. आपल्या मोहल्ल्यातली मुले-मुली पहाटे चार वाजता उठून भरतीसाठी रस्त्यावर धावतात. आम्ही त्यांना पाहतो तेव्हा छाती भरून येते. अवश्य भरती व्हा. पण साहेबाच्या हुकुमाने दुसऱ्याच्या घरात शिरणारा तो काळ गेला. आज तुमचा हुकूम संविधानाचा आहे, आणि ते संविधान एका सुभेदाराच्या लेकराच्या हातून घडले आहे. वर्दी अंगावर आली की गरिबाच्या दारात उभे राहताना काहूनच्या त्या तटाची आठवण ठेवा. तिथे पाणी एकच होते.

आणि माता-पित्यांना एक विनंती. आपल्या कोणाच्या आज्याने, पणज्याने पलटणीत, पोलिसात, रेल्वेत नोकरी केली असेल. पेटीत जुना पेन्शनचा कागद असेल, एखादे पदक असेल, फोटो असेल. म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारा : कोणती पलटण, कोणत्या साली, कुठे होते, काय खात, रात्री झोप येत होती का? आणि ते वहीत लिहा. शुद्धलेखनाची काळजी करू नका. विहार समितीला आमची सूचना आहे की एक जाड रजिस्टर आणावे, ते इथे बुद्धमूर्तीच्या बाजूला कपाटात ठेवावे, आणि दर पौर्णिमेला एका कुटुंबाने आपल्या माणसाची माहिती त्यात भरावी. बायांची सुद्धा. शिपाई सरहद्दीवर असताना घर कोणी ओढले? त्या बाईचे नाव तर ब्राऊनच्या रोजनिशीत यायचा प्रश्नच नव्हता.

शंभर वर्षांनी याच विहारात कोणी पोरगा उभा राहील आणि विचारेल, आमचे पूर्वज कोण होते, त्यांची नावे काहून ठाऊक नाहीत? त्या वेळी त्याला उत्तर देण्याची पाळी येऊ नये. कपाट उघडून त्याच्या हातात रजिस्टर देता यावे, एवढीच आमची इच्छा आहे.



जय भीम! नमो बुद्धाय!